करणारा कोण? : इंग्रजी आणि स्पॅनिश क्रियापदांविषयी थोडेसे



कामगार चळवळीतल्या माणसाने महागाई भत्त्यावर बोलावे, बोनसवर बोलावे. तो व्याकरणावर बोलू लागला की मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. आमच्या विषयाचे नाव पत्रिकेवर वाचून एका स्नेह्याने आम्हांला वाटेतच गाठले आणि विचारले, "हे काय नवीन?" त्यांना आम्ही एवढेच सांगितले की, हे नवीन नाही. ज्या दिवशी पहिले आरोपपत्र हातात घेतले त्या दिवसापासून आम्ही क्रियापदांशीच झगडत आहोत. नामे सहसा घात करीत नाहीत. यंत्र ते यंत्रच, पाना तो पानाच. घात होतो तो क्रियापदात. पाना 'पडला', 'पाडला' की 'टाकला', यावर माणसाची नोकरी राहते किंवा जाते.

स्पॅनिशकडे आम्ही वळलो ते तीन शब्दांच्या एका घोषणेमुळे. १९७२ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात शेतमजुरांच्या संपावर आणि बहिष्कारावर बंधने घालणारा कायदा झाला. त्याविरुद्ध सेसार चावेस यांनी फीनिक्स शहरात उपोषण आरंभले. त्यांच्या सहकारी दोलोरेस वेर्ता तेथल्या पुढाऱ्यांना भेटत होत्या आणि जो तो त्यांना सांगत होता, 'नो से पुएदे'. म्हणजे, येथे ते जमावयाचे नाही. वेर्ताबाईंनी उत्तर दिले, 'सी, से पुएदे'. संयुक्त शेतमजूर संघटनेची ती घोषणा होऊन बसली. पुढे २००८ साली बराक ओबामा यांच्या निवडणुकीत ती इंग्रजीत 'येस वुई कॅन' अशी गाजली.

आता दोन्ही वाक्ये शेजारी ठेवा. इंग्रजीत 'वुई' आहे, म्हणजे 'आम्ही' आहे. स्पॅनिशमध्ये कोणीच नाही. 'पुएदे' हे तृतीय पुरुषी एकवचनी रूप. त्यापुढे 'से' लावला की कर्ता नाहीसा होतो. 'आम्ही करू शकतो' असे ती बाई म्हणाली नाही. 'करता येते' असे म्हणाली. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण 'येते', 'जमते', 'होते' ही आमची रोजची भाषा आहे. इंग्रजाला मात्र 'इट कॅन बी डन' असे म्हणण्यासाठी एक खोटा कर्ता आणावा लागतो.

या खोट्या कर्त्याची गोष्ट आधी सांगून टाकू. पाऊस पडत असेल तर स्पॅनिश माणूस 'युएवे' एवढा एकच शब्द उच्चारतो आणि वाक्य पूर्ण होते. इंग्रज म्हणतो, 'इट रेन्स'. हा 'इट' कोण? कोणी नाही. हजेरीपटावर नाव आहे, पगारही निघतो, पण कामावर कधी कोणी पाहिलेला नाही, अशांपैकी तो एक. त्याला काढून टाकता येत नाही, कारण इंग्रजी वाक्याला कर्त्याची जागा रिकामी ठेवणे मंजूर नाही.

असे का व्हावे? त्याचे कारण क्रियापदाच्या शेपटात आहे. 'त्राबाखार' म्हणजे काम करणे. त्याची वर्तमानकाळी रूपे अशी: त्राबाखो, त्राबाखास, त्राबाखा, त्राबाखामोस, त्राबाखाइस, त्राबाखान. सहा कर्ते, सहा शेपटे. शेपूट ऐकले की कोण बोलतो आहे हे कळते. 'मी' किंवा 'आम्ही' वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. आपणही 'करतोस ना?' असे विचारतो, 'तू' गाळतो. इंग्रजीत मात्र आय वर्क, यू वर्क, वुई वर्क, दे वर्क, सगळे एकाच मापाचे. फक्त 'ही वर्क्स' मध्ये एक 'स' शिल्लक आहे. जुन्या इंग्रजीतही पुष्कळ शेपटे होती. ती शतकानुशतके झिजत गेली आणि हा एकटा 'स' उरला. स्पॅनिश विद्यार्थ्याचा आणि आपल्या मुलांचा सर्वांत जास्त घोटाळा होतो तो नेमका या 'स'पाशीच. इतर ठिकाणी काही लावावयाचे नाही आणि येथेच लावावयाचे, हे ध्यानात राहत नाही.

साध्या इंग्रजी क्रियापदाला एकूण चार रूपे: वर्क, वर्क्स, वर्क्ड, वर्किंग. 'राइट' सारख्याला पाच. सर्वांत श्रीमंत 'बी', त्याला आठ. स्पॅनिश क्रियापदाची एकशब्दी रूपे मोजू लागलो की पन्नासच्या घरात जातात. हे ऐकून नवा विद्यार्थी हबकतो. हबकण्याचे कारण नाही. पन्नास रूपे बहुतांशी साच्यातून निघतात, आणि साचे तीनच: 'आर', 'एर' आणि 'ईर' असा शेवट असणारी क्रियापदे. इंग्रजीने रूपे वाचविली खरी, पण बचतीचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकला. 'डू', 'हॅव', 'विल', 'वुड' असे मदतनीस ठेवले. 'तू काम करतोस का?' हे विचारावयास स्पॅनिशमध्ये 'त्राबाखास?' म्हणून सूर चढविला की झाले. इंग्रजीत 'डू यू वर्क?' यातला 'डू' हा बदली कामगार. मूळ क्रियापद कायम जागेवर असताना प्रश्न आला किंवा नकार आला की याला बोलावणे जाते. स्पॅनिश माणूस इंग्रजी शिकताना याला विसरतो आणि 'आय नो वर्क' म्हणतो. इंग्रज स्पॅनिश शिकताना याला शोधीत बसतो आणि तो कोठेच सापडत नाही.

स्पॅनिशच्या शेपटांविषयी एक इशारा दिला पाहिजे. 'त्राबाखो' मध्ये 'बा' वर जोर दिला तर 'मी काम करतो'. 'खो' वर दिला तर 'त्याने काम केले'. लेखनात एक तिरकी रेघ, तोंडात एक झटका, आणि माणूसही बदलला, काळही बदलला. ज्यांना उच्चार म्हणजे वरवरचा साज वाटतो त्यांनी येथे सावध राहावे. उलट, आमचे 'करतो' आणि 'करते' हे बोलणारा पुरुष की बाई ते सांगते. तेवढी चौकशी स्पॅनिश क्रियापद करीत नाही, इंग्रजीही करीत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातल्या चौकशीत आम्ही कामगाराच्या बाजूने बसलो होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. उंचावर काम करणाऱ्या एका फिटरचा पाना खाली पडला आणि खाली उभ्या असलेल्या यंत्राची काच फुटली. फिटरने जबाब दिला, "पाना माझ्या हातून पडला." लिहून घेणाऱ्याने इंग्रजीत लिहिले, 'आय ड्रॉप्ड द स्पॅनर'. भाषांतर चुकले असे कोणी म्हणणार नाही. शाळेत हेच शिकवितात. पण दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाचे प्रतिनिधी तो कागद हातात धरून म्हणाले, "पाना आपण पाडला असे हा स्वतःच कबूल करतो आहे." आम्ही सांगितले की तो 'पाडला' म्हणालाच नाही, 'पडला' म्हणाला. या एका 'पा'वरून दोन बैठका गेल्या. बडतर्फीपर्यंत जाऊ पाहणारी गोष्ट शेवटी चार दिवसांच्या निलंबनावर निभावली. तेही आमच्या मते जास्तच होते, पण असो.

पुढे स्पॅनिश व्याकरण वाचताना एके रात्री हे वाक्य समोर आले: 'से मे कायो ला याबे'. 'याबे' म्हणजे किल्ली आणि पानासुद्धा. (गंमत अशी की आपण ज्याला स्क्रू-पाना म्हणतो त्याला स्पॅनिश माणूस 'इंग्रजी याबे' म्हणतो.) 'कायो' म्हणजे पडला. 'मे' म्हणजे मला, माझ्या बाबतीत. आणि 'से' आपोआप घडल्याची खूण. पाना कर्ता, पडण्याचे काम त्याचे, आणि मी केवळ ज्याच्या वाट्याला ते आले तो माणूस. म्हणजे हुबेहूब 'माझ्या हातून पडला'. आम्ही उठून बसलो. आमच्या फिटरचा जबाब स्पॅनिशमध्ये कोणी लिहून घेतला असता तर शब्दाला शब्द बसला असता.

कोणी म्हणेल, ही तुमची कामगारांची बाजू घेण्याची सवय बोलते आहे. तसे नव्हे, यावर मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केलेले आहेत. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या दोन संशोधिकांनी २०११ साली एक निबंध प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्यांना आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना त्यांनी छोटी चित्रफीत दाखविली: कोणी मुद्दाम वस्तू मोडतो, कोणाच्या हातून ती चुकून मोडते. मुद्दाम मोडली तेव्हा दोघांचीही वाक्ये सारखी, 'याने मोडली' अशी. चुकून मोडली तेव्हा इंग्रजी बोलणारे 'याने मोडली' असे पुष्कळ अधिक वेळा म्हणाले. आणि पुढे, तो माणूस कोण होता हे विचारले तेव्हा, चुकून घडलेल्या प्रसंगातला माणूस इंग्रजी बोलणाऱ्यांनी अधिक चांगला लक्षात ठेवलेला आढळला. याच दोघींचा आधीच्या वर्षीचा आणखी एक प्रयोग आहे, तो निव्वळ इंग्रजीतला. उपाहारगृहात आग लागल्याची हकीकत काहींना 'बाईने मेणबत्ती कलंडविली' अशा शब्दांत वाचावयास दिली, काहींना 'मेणबत्ती कलंडली' अशा शब्दांत. पहिल्या गटाने बाईला अधिक दोष दिला आणि तिच्याकडून अधिक रक्कम भरून घ्यावी असे सांगितले. आग तीच, बाई तीच, मेणबत्तीही तीच.

यावरून इंग्रज लोक निष्ठुर आणि स्पॅनिश लोक दयाळू, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. स्पॅनिशमध्येही 'मी पाना टाकला' असे सरळ म्हणता येते, आणि इंग्रजीतही 'द स्पॅनर फेल' म्हणता येते. पण इंग्रजीत तसे म्हणणारा काही तरी लपवितो आहे असे वाटते, स्पॅनिशमध्ये तसे वाटत नाही. फरक आहे तो एवढाच, आणि चौकशीच्या टेबलावर तो लहान नाही.

भूतकाळाचेही असेच. इंग्रजीत 'वर्क्ड' हा एक साधा भूतकाळ, स्पॅनिशमध्ये दोन. 'त्राबाखे', मी काम केले, झाले, संपले. 'त्राबाखाबा', मी काम करीत असे, करीत होतो. मराठी विद्यार्थ्याने येथे घाबरू नये; 'केले' आणि 'करायचो' यांतला भेद त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेला आहे. इंग्रजी विद्यार्थी या ठिकाणी महिनोन् महिने अडतो, कारण त्याच्याकडे 'यूज्ड टू' सारखी तोडकी साधने आहेत आणि तीही तो दर वेळी वापरीत नाही. पण काही क्रियापदांत हा भेद इतका खोल जातो की मराठी माणसानेही जपून पाऊल टाकावे. 'साबिआ' म्हणजे त्याला ठाऊक होते. 'सुपो' म्हणजे त्याला कळले, त्या क्षणी. 'पोदिआ' म्हणजे त्याला करता येण्यासारखे होते. 'पुदो' म्हणजे त्याने करून दाखविले. आणि आमच्या धंद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, 'नो केरिआ' आणि 'नो किसो'. 'नो केरिआ त्राबाखार', त्याच्या मनात काम करावयाचे नव्हते. 'नो किसो त्राबाखार', त्याने काम करण्यास नकार दिला. क्रियापद एकच, इच्छिणे. काळ बदलला आणि मनातली नाराजी गैरवर्तन होऊन बसली. मनात काय आहे याबद्दल अजून कोणाला आरोपपत्र मिळालेले नाही, नकाराबद्दल रोज मिळते. इंग्रजीत 'ही डिडंट वॉन्ट टु वर्क' लिहिले तर वाचणाऱ्याने दोहोंपैकी कोणते समजावे?

आता मागणीचे क्रियापद. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात १९४२ साली करार होऊन मेक्सिकन मजूर हंगामी कामावर अमेरिकेत नेण्याची योजना सुरू झाली. ती १९६४ पर्यंत चालली. मजुरांचे करारपत्र स्पॅनिशमध्ये असावे अशी अट त्यात होती. ती अट घालणाराला भाषा कळत होती. कारण ज्या ठिकाणी इंग्रजी एकच रूप वापरून मोकळी होते तेथे स्पॅनिश दोन रूपे ठेवते: एक घडते त्याचे, एक घडावे त्याचे. 'इन्सिस्तिमोस एन के ले पागान', त्याला पैसे देतात असे आम्ही ठासून सांगतो. 'इन्सिस्तिमोस एन के ले पागेन', त्याला पैसे द्यावेत असा आमचा आग्रह आहे. 'पागान' आणि 'पागेन'. एका स्वराचा फरक, पण एक वाक्य साक्ष आहे आणि दुसरे मागणी.

इंग्रजीत हे रूप अगदीच मेलेले नाही. 'वुई डिमांड दॅट ही बी रीइन्स्टेटेड' यातला 'बी' हा त्याच घराण्याचा शेवटचा वंशज. पण नवशिका त्याला चूक समजतो आणि तेथे 'इज' घालतो. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने इंग्रजी मागणीपत्र टंकलेखनास दिले. ते परत आले तेव्हा सगळे 'बी' पुसून 'इज' केलेले. मराठीत हे कोणाला शिकवावे लागत नाही. कामावर 'घेतात' आणि कामावर 'घ्यावे' यांत गल्लत करणारा माणूस आम्ही अजून पाहिला नाही. मराठी माणसाला स्पॅनिशच्या या रूपाचे भय घालणारी पुस्तके इंग्रजीत लिहिलेली असतात, एवढेच.

आणि हेच आमचे खरे गाऱ्हाणे आहे. आमच्याकडे स्पॅनिश शिकावयाचे म्हणजे बहुधा इंग्रजी पुस्तकावरून शिकावयाचे. मग इंग्रजाला जे जड जाते ते आपल्यालाही जड आहे असे समजून आपण पाठ करीत बसतो. 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. इंग्रजी पुस्तक यावर तीन पाने खर्च करते: कर्ता आंबे आहेत, म्हणून क्रियापद अनेकवचनी, आणि माणूस चतुर्थीत. आपल्याला त्यात नवल ते काय? आंबा आवडतो, आंबे आवडतात. खुद्द इंग्रजीतसुद्धा पूर्वी असेच होते. आजच्या 'लाइक'चा पूर्वज 'आवडणे' या अर्थाचाच होता आणि माणूस तेव्हा त्याचा कर्ता नव्हता. तसेच 'मे दुएले ला एस्पाल्दा', माझी पाठ दुखते. कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांनी हे वाक्य किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही, कारण आखूड दांड्याचे खुरपे घेऊन त्यांना दिवसभर वाकून काम करावे लागे. 'एल कोर्तितो', म्हणजे आखूड, असेच त्याला म्हणत. १९७५ साली तेथे त्यावर बंदी आली. इंग्रजीत 'आय हॅव अ बॅकएक'. म्हणजे पाठदुखी ही जणू माझ्या मालकीची वस्तू.

कालावधी सांगण्याचेही पाहा. 'त्राबाखो आकी देस्दे आसे दिएस आन्योस', मी येथे दहा वर्षे काम करतो. स्पॅनिशमध्ये वर्तमानकाळ, मराठीतही वर्तमानकाळ. इंग्रजीत 'आय हॅव वर्क्ड हिअर' हवे. म्हणून स्पॅनिश माणूस आणि मराठी माणूस इंग्रजीत अर्ज लिहितात तेव्हा दोघेही एकच चूक करतात, 'आय वर्क हिअर सिन्स टेन इयर्स'. आणि घाईने दुरुस्त करून 'आय वर्क्ड हिअर' लिहिले की नोकरी संपली असा अर्थ होतो. अर्ज कायम करण्याबद्दलचा असतो, हे ध्यानात घ्या.

एका जागी मात्र मराठीचा आधार पुरत नाही आणि इंग्रजीचा तर नाहीच. 'असणे' यासाठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदे: 'सेर' आणि 'एस्तार'. 'एस लिस्तो', तो हुशार आहे. 'एस्ता लिस्तो', तो तयार आहे. 'एस आबुर्रिदो', तो कंटाळवाणा आहे. 'एस्ता आबुर्रिदो', तो कंटाळला आहे. व्याख्यात्याने ही शेवटची जोडी विसरू नये. पुष्कळ पुस्तके सांगतात की कायमचे ते 'सेर' आणि तात्पुरते ते 'एस्तार'. आम्हीही कायम आणि हंगामी असा भेद पाहून खूष झालो होतो. पण तो टिकत नाही. मेलेल्या माणसाला 'एस्ता मुएर्तो' म्हणतात. मरणाहून कायम ते काय? माद्रिद स्पेनमध्ये 'एस्ता', आणि ते उद्या हलणार नाही. सभा कोठे भरते हे सांगताना मात्र 'एस'. आम्हांला उपयोगी पडली ती शब्दाची मुळी. 'एस्तार' हा लॅटिनमधल्या 'उभे राहणे' या क्रियापदाचा वंशज आणि संस्कृतातल्या 'स्था'चा भाऊबंद; वस्तू कोठे आणि कोणत्या स्थितीत उभी आहे ते तो सांगतो. मेलेपण हीसुद्धा एक स्थितीच. 'एस' हा 'अस्ति'चा सगोत्र. वस्तू मुळात काय आहे ते तो सांगतो. सगळी उदाहरणे यात बसत नाहीत, पण निम्म्याहून अधिक चुका टळतात.

इंग्रजीला काही देणगी नाहीच, असे आम्ही म्हटलेले नाही. 'ले ऑफ', 'वॉक आउट', 'कॉल ऑफ', 'गिव्ह इन', 'होल्ड आउट': एवढ्याएवढ्याशा शब्दांपुढे शेपूट जोडून इंग्रजीने संपाचा सगळा इतिहास मांडला आहे. स्पॅनिशला या प्रत्येकासाठी निराळे क्रियापद काढावे लागते. तो कारखान्यातून 'रॅन आउट'. इंग्रजीत धावणे मुख्य आणि 'बाहेर' शेपटात. स्पॅनिशमध्ये 'सालिओ कोर्रिएन्दो', तो धावत बाहेर पडला. बाहेर पडणे मुख्य, धावणे मागून. येथेही मराठी स्पॅनिशच्याच रांगेत उभी आहे.

शेवटचे एक रूप सांगून थांबतो. स्पॅनिशमध्ये भविष्यकाळ अंदाजासाठी वापरतात, जसा आपण वापरतो. इंग्रज तेथे बहुधा 'मस्ट बी' आणतो. घड्याळ न पाहता आम्हांला वाटते, 'सेरान लास ओचो', आठ वाजले असतील. अध्यक्षांचा हात घंटेकडे गेलेला दिसतो, तेव्हा अंदाज बरोबर असावा.